सोळा गाड्यांचा वळसा

१

मरुदनूरच्या वळसा लाइनची गाडी-वही गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता चेन्नईच्या रेल्वे कचेरीतल्या कपाटात सापडली नाही, आणि अकरा वाजायच्या आत चोर कोण हे अख्ख्या कचेरीला कळलंसुद्धा होतं. सुंदरराव! दुसरं कोण असणार? स्टेशन त्यांचं, वही त्यांची, आणि ती खोटी ठरली असती तर अब्रूही त्यांचीच जाणार होती. कँटीनमध्ये तर खटला चालून शिक्षाही झाली होती.

दक्षता विभागातल्या विद्युलता सोवनींना इतक्या स्वस्तात मिळालेला चोर कधी पचत नसे. सोलापूरहून बदलीवर त्या चेन्नईला आल्या त्याला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांना तमिळ बऱ्यापैकी बोलता यायला लागलं, फिल्टर कॉफीची चटक लागली, आणि एक गोष्ट पक्की कळली. कचेरीत जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते बहुधा कुणीच पाहिलेलं नसतं.

नारायणस्वामी साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा ते पंख्याखाली बसूनही घाम पुसत होते. वळसा लाइनचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते.

"मॅडम, आज बावीस फेब्रुवारी. अठ्ठावीसला समिती मरुदनूरला जाऊन निर्णय देणार. सुंदरराव त्याच दिवशी निवृत्त होणार. तेवढ्यात वही हवी, नाहीतर ती कुणी नेली त्याचं नाव हवं."

मरुदनूर म्हणजे चेन्नईबाहेरच्या आवडी स्टेशनच्या पुढचं गाव. मुख्य रेल्वे त्याच्या ऐन बाजारातून जाते. १९४३ साली, लढाईच्या धामधुमीत, दारूगोळ्याच्या गाड्या बाजारातून नकोत म्हणून गावाला बाहेरून वळसा घालणारी अकरा किलोमीटरची एकेरी लाइन टाकली गेली. लढाई संपली. मग ती लाइन खडीच्या खाणीनं वापरली, पुढं खाणही बंद पडली. आता दोन्ही बाजूंना वसाहती उठल्या होत्या, आणि मधे झुडपांत रूळ होते. उन्मेष नावाच्या तरुण इंजिनिअरनं अहवाल दिला होता की या लाइनवरून कित्येक वर्षांत गाडी गेलेली नाही. मरुदनूर पश्चिमचे स्टेशन मास्तर सुंदरराव म्हणत होते की सोळा गाड्या गेल्या आहेत, आणि त्या सगळ्या वहीत आहेत.

समितीची अट सरळ होती. १९९२ ते २००६ या पंधरा वर्षांत दर वर्षी एक तरी गाडी गेली असेल तर लाइन जिवंत धरायची आणि तिच्यावर लोकल सुरू करायचा प्रस्ताव पुढं पाठवायचा. एक जरी वर्ष कोरडं गेलं असेल तर रूळ उखडायचे. आणि वही खोटी निघाली तर छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर सुंदरराव खोटारडे म्हणून घरी जाणार होते.

रेकॉर्डची खोली हरिप्रियाच्या ताब्यात होती. तिशीतली, चष्मा लावणारी, मोजकं बोलणारी मुलगी. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. एक किल्ली तिच्याकडे असे, दुसरी हेडक्लार्कच्या खोलीत खिळ्याला. ती दुसरी किल्ली "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणत कुणीही नेई.

"वही शेवटची कधी पाहिलीस?" विद्युलताबाईंनी तमिळमध्ये विचारलं.

"सोमवारी. मंगळवारी सुंदरराव येऊन गेले, वही नीट पोचली का विचारायला. बुधवारी त्यांचा सिग्नलवाला रंगा आला होता. दुपारी उन्मेषसाहेब आले, नकाशा हवा म्हणून. आज सकाळी त्यांनीच वही मागितली, तर नाही." तिनं खाली मान घातली.

फळीवर वह्या ओळीनं उभ्या होत्या. मरुदनूरच्या वहीच्या जागी एक कोरा पुठ्ठा उभा होता आणि शेजारच्या दोन्ही वह्या त्याला टेकून ताठ होत्या. विद्युलताबाईंनी पुठ्ठा उलटसुलट केला. त्यावर काहीच नव्हतं. तो त्यांनी होता तिथं ठेवला आणि उन्मेषला शोधायला निघाल्या.

२

उन्मेष कँटीनमध्ये मेदुवडा सांबारात बुडवत बसला होता. नाशिकचा मुलगा, वय सत्तावीस. गणपतीत भेटायचा आणि बाईंना काकू म्हणायचा. बाईंना ते अजिबात आवडत नसे, पण परमुलखात मराठीत हाक मारणाऱ्याला किती रागावणार?

"काकू, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"सगळ्यांवर घेतेय, तुला वेगळं कशाला ठेवू? वही खरी निघाली तर तुझा अहवाल खोटा पडतो. काल त्या खोलीत होतास."

"नकाशा आणायला गेलो होतो. वहीला हात लावला नाही." त्याला खरोखर राग आला होता. "आणि वही हवीय कशाला? रूळ बघा ना. लालभडक गंज. चाक फिरलेला रूळ चकाकतो, हे पोरालाही कळतं."

"तू रूळ कधी पाहिलेस?"

"डिसेंबरात."

"किती वेळा?"

उन्मेषनं वड्याचा तुकडा उगाच दोनदा बुडवला. "एकदा."

"इथं समुद्राची हवा आहे, बाळा. माझ्या वेलचेरीच्या घरच्या बाल्कनीतला नवा कोरा पत्रा पावसाळ्यात आठ दिवसांत गंजला. वर्षातून एकदा जाणाऱ्या गाडीची चकाकी तुझ्यासाठी डिसेंबरापर्यंत थांबून राहील होय?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "मला गाड्या नकोत असं नाही, काकू. मला खोट्या गाड्या नकोत. लाइनलगतच्या तीन वसाहतींतली माणसं रोज तीन-तीन किलोमीटर चालत मुख्य स्टेशनवर येतात, ते मीही पाहिलंय. पण गेलीच नसेल गाडी, तर मी गेली म्हणून कसं लिहू?"

हे बोलणं बाईंना आवडलं. गुन्हेगारही असं बोलू शकतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी आवडलं.

"आणखी एक सांगतो," उन्मेष उठता उठता म्हणाला. "काल तो रंगा खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या काखेत हे एवढं मोठं बाड होतं. कापडात बांधलेलं. वहीच्या आकाराचं."

३

शुक्रवारी सकाळी विद्युलताबाई आवडीच्या लोकलनं निघाल्या आणि पुढं शेअर रिक्षानं मरुदनूर पश्चिमला पोचल्या. स्टेशन कसलं, कौलारू केबिन, एक बाक आणि एक पुंगाचं, म्हणजे करंजाचं, झाड. सुंदरराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात दारात उभे होते. निवृत्तीला पाच दिवस उरले होते आणि गणवेश जणू कालच मिळाला होता.

"या अम्मा, बसा. कापी घेतां की?" त्यांची मराठी तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेली आणि वाटेत तमिळ शिकलेली. "तुम्हास सांगायला लाज वाटते, पण मला सगळे चोर म्हणतात."

"तुम्ही चोर आहात का?"

"इल्ले अम्मा. माझीच वही मी चोरून काय करूं?"

हा प्रश्न कँटीनमधल्या न्यायाधीशांपैकी एकालाही सुचला नव्हता. पण वही खोटी असेल तर त्याला उत्तर होतं, आणि ते बाईंना ठाऊक होतं.

"गाड्या कसल्या होत्या?"

"आवडीकडच्या कारखान्याची भली मोठी यंत्रं. गावातल्या फलाटाच्या छपरास घासतात, म्हणून वळसा घालून इकडून काढायची. वर्षास एक, कधी दोन. पूर्वेकडून येतें, पश्चिमेस जातें. मालगाडीची रिकामी वाघीण परत येतांना रुंद नसते, ती गावातून सरळ निघते. इकडून गेलेली गाडी इकडून परत आली नाही कधी."

"कारखान्याचे कागद?"

"त्यांत 'रेल्वेनं रवाना' इतकंच. कुठल्या लाइननं, ते कोण लिहितो? कंट्रोलचे तक्ते सहा महिन्यांत रद्दीस जातात. पूर्व केबिनची वही दोन हजार पाचच्या पुरात गेली. उरली ती माझी." त्यांनी गणवेशाची बाही सरळ केली. "माझी भाची म्हणायची, मामा, तुम्ही नोकरीवर नाही, वहीवर प्रेम करतां. मीच तिला रेल्वेच्या परीक्षेस बसविलों."

तेवढ्यात रंगा आला. काळासावळा, पन्नाशीचा, तोंडात पान. बाईंनी सरळ बाडाचं विचारलं. त्यानं तक्रार करायला माणूस मिळाल्याच्या आनंदात कोपऱ्यातलं कापडी बाड उचलून टेबलावर आपटलं. आत पत्रांच्या नकला होत्या.

"अकरा पत्रं दिली मॅडम, तीन वर्षांत! बारावं द्यायला परवा गेलो. कुणी वाचत नाही."

"कशाबद्दल?"

रंगानं भिंतीजवळच्या लाल लोखंडी यंत्रावर हात ठेवला. "हे टोकनचं यंत्र. असंच एक पूर्वेच्या टोकाला. दोन्हींत मिळून क्रिकेटच्या चेंडूएवढे छत्तीस लोखंडी गोळे. गाडी सोडायची तर पूर्वेचा माणूस गोळा काढून ड्रायव्हरला देतो, आणि तो निघायला इथल्या माणसानं इकडून बटण दाबून धरावं लागतं. एक गोळा बाहेर असला की दुसरा निघत नाही, म्हणजे समोरासमोर टक्कर नाही. गाडी इथं पोचली की गोळा या यंत्रात पडतो."

"मग तक्रार काय?"

"पूर्वेचं यंत्र भुकेलंय! पुन्हा दोन्हीकडे अर्धे-अर्धे करून द्या म्हणतो. पण सील तोडायला साहेबाची सही लागते. साहेब येतो, बदलून जातो, सही राहते."

बाईंनी मान डोलावली. त्यांचं लक्ष मात्र रंगाच्या बाडाकडे होतं. मधली दोन पत्रं काढून घेतली होती, तरी बाड कलंडलं नव्हतं. रंगानं त्यांच्या जागी वर्तमानपत्राची घडी खोचली होती. बाई त्या घडीकडे बघत राहिल्या आणि एकदम उठल्या.

"कापी राहिली अम्मा," सुंदरराव म्हणाले.

"परत येईन तेव्हा घेईन. चोर सापडला."

४

दुपारी रेकॉर्डच्या खोलीत हरिप्रिया एकटीच होती. बाईंनी कपाट उघडायला लावलं आणि कोरा पुठ्ठा काढून तिच्यासमोर धरला.

"चोर वही उचलतो आणि चालू लागतो. शेजारच्या वह्या कलंडतील, त्यांची शिवण उसवेल, याची त्याला काय पडलीय? वही काढली की जागेवर पुठ्ठा उभा करायचा, ही सवय रेकॉर्डवाल्यांची. उन्मेषला ती नाही. रंगाला आहे, पण तो कागदाची घडी खोचतो. सुंदररावांना ही खोली परकी. हा पुठ्ठा तू ठेवलास, हरिप्रिया. हातानं आपोआप ठेवला, तुला कळलंही नसेल."

ती पांढरीफटक पडली.

"आणि जिला ही सवय आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ती रेकॉर्ड खोलीबाहेर नेणार नाही. नेऊच शकणार नाही. कुठल्या फळीवर ठेवलीस?"

हरिप्रिया शेवटच्या कपाटाकडे गेली. १९६१च्या पार्सल वह्यांच्या मागून तिनं निळ्या पाठीची एक वही काढली. आणि मग, आजवर बाईंशी तमिळमध्येच बोलणारी ती मुलगी मराठीत बोलली. तीच तंजावरची मराठी.

"ते माझे मामा आहेत."

बाईंना आता भाची कोण ते समजलं. पण कोडं सुटल्याचा आनंद त्यांना दोन मिनिटंही लाभला नाही.

"मी ही वही वाचलों," हरिप्रिया म्हणाली. "सोमवारी. आणि घाबरलों. तुम्हीच बघा."

बाईंनी बघितलं. स्टेशनवर आठ-आठ तासांच्या पाळ्या असतात, तीन माणसं आलटून पालटून काम करतात. गाडी ज्याच्या पाळीत आली त्यानं नोंद करायची. इथं १९९२ पासून २००५ पर्यंतच्या पंधराही नोंदी एकाच सुंदर, टपोऱ्या अक्षरात होत्या. शाई एकच. फक्त २००६ची सोळावी नोंद वेगळ्या शाईत, दुसऱ्या कुणाच्या हातची. चौदा वर्षांच्या नोंदी कुणीतरी एका बैठकीत लिहून काढल्या होत्या, आणि अक्षर कुणाचं ते सांगायला भाचीची गरज नव्हती.

"१९९९ बघा," हरिप्रिया कुजबुजली. "नुसतं साल. पुढची ओळ कोरी. ते भरायचं राहिलं त्यांचं. मला वाटलं, वही मिळालीच नाही तर मामांना खोटं तरी कोण ठरवणार?"

"आणि वही नाही म्हणून सगळे त्यांना चोर ठरवताहेत, ते कानावर आलं नाही?"

हरिप्रिया रडायला लागली. बाईंना तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

५

सुंदररावांना फोन केला तेव्हा त्यांनी एका श्वासात कबूल केलं.

"होय अम्मा. ते अक्षर माझंच. दोन हजार पाचच्या डिसेंबरात केबिनमध्ये गुडघाभर पाणी. वही भिजून लगदा व्हायला लागली. मी एकेक पान निथळून, सात दिवस बसून, दुसऱ्या वहीत उतरविलों. मूळ वही त्याच आठवड्यात कुजली."

"मग पहिल्या पानावर 'ही नक्कल आहे' असं का नाही लिहिलंत?"

"रकान्याबाहेर वहीत काही लिहायचं नाही, असा नियम. लिहायचं तर वरिष्ठांची परवानगी. परवानगीस पत्र पाठविलों. उत्तर आलं नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. नियम मोडून खोटं बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. नियम पाळून खोटा ठरणारा हा पहिलाच. त्यांचा त्या माणसावर विश्वास बसला, अगदी ठाम बसला. पण विश्वास समितीपुढं कसा ठेवायचा? पूर्वेची वही गेली, मूळ वही गेली, आणि राहिलेली वही त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होती.

शनिवार असाच गेला. रविवारी सकाळी वेलचेरीच्या घरी बाई बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेल्या आणि पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या कॅनना अडखळून पडता पडता वाचल्या. पाणीवाला भरलेला कॅन आणून ठेवी, रिकामा न्यायला मात्र विसरे. त्यांनी संतापून त्याला फोन लावला.

"सहा कॅन दिले फक्त, अक्का," तो म्हणाला.

"नऊ दिलेस! तू लिहिलं असशील सहा. माझ्या बाल्कनीत नऊ रिकामे पडलेत, ते काय चालत आले?"

एवढं बोलून त्या थांबल्या. फोनवर पाणीवाला "अक्का? अक्का?" करत राहिला. बाई बाल्कनीतल्या कॅनकडे बघत होत्या. भरलेले येतात, रिकामे परत जात नाहीत. मग पाणीवाल्यानं काय लिहिलंय ते बघायला कशाला हवं?

त्यांनी ताबडतोब रंगाला फोन केला.

"रंगा, दोन्ही यंत्रांतले गोळे शेवटचे सारखे कधी केले होते?"

"ब्याण्णवच्या जानेवारीत, मॅडम. अठरा-अठरा. आतल्या झडपेवर साहेबाच्या सहीची चिठ्ठी आहे. त्यावर सील."

"त्यानंतर सील तुटलं?"

रंगा दुखावला. "तुटलं असतं तर मी बारा पत्रं लिहिली असती का?"

बाई खुर्चीत बसल्या. इकडून गेलेली गाडी इकडून परत येत नाही. म्हणजे दर गाडीमागं एक गोळा पूर्वेकडून पश्चिमेला आला आणि तिथंच राहिला. सोळा गाड्या खऱ्या असतील तर पश्चिमेला अठरा आणि सोळा, चौतीस गोळे असायला हवेत. वही कुणीही लिहो, गोळे कुणाचं ऐकत नाहीत.

तरी एक काटा सलत होताच. १९९९ कोरं होतं. त्या साली गाडी गेली नसावी, म्हणूनच नुसतं साल लिहून ओळ सोडली असावी. चौतीस गोळे निघाले तर सुंदररावांचं नाव वाचणार होतं. लाइन वाचणार नव्हती. पण आधी माणूस वाचवावा, असं बाईंनी ठरवलं.

६

अठ्ठावीस तारखेला समिती ट्रॉलीतून वळसा लाइननं मरुदनूर पश्चिमला आली. वाटेत झुडपांच्या फांद्या साहेबांच्या कोटाला ओढत होत्या आणि वसाहतीतली माणसं दारात येऊन बघत होती. वही हरिप्रिया स्वतः घेऊन आली होती. रेकॉर्ड तिच्याशिवाय कुणाच्या हाती जात नसे. मामांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

नारायणस्वामींनी वही चाळली. कपाळावर आठी पडली. "ही तर एका हातची!"

"साहेब, वहीचं नंतर बोलू," विद्युलताबाई म्हणाल्या. "आधी हे यंत्र उघडा. सही तुमची चालेल."

त्यांनी गोळ्यांचा हिशोब समजावून सांगितला. उन्मेषनं लगेच विचारलं, "पण एखाद्यानं गोळा काढून सायकलवरून इकडं आणून टाकला तर?"

"पूर्वेला गोळा काढायला तिकडचा माणूस लागतो आणि इकडे बटण दाबायला इकडचा. पंधरा वर्षांत पूर्वेला नऊ मास्तर बदलले. त्या नऊही जणांनी, एकमेकांना न ओळखता, वर्षातून एकदा उन्हात अकरा किलोमीटर सायकल मारली म्हणतोस? आणि समिती नेमायच्या आधी? कशासाठी?"

उन्मेष हसला. "नाही म्हणत."

रंगानं सील सगळ्यांना दाखवून तोडलं. आतल्या चिठ्ठीवर सहा जानेवारी १९९२ ही तारीख आणि 'अठरा-अठरा' असा शेरा होता. मग तो एकेक गोळा काढून चटईवर मांडू लागला. उन्मेष मोठ्यानं मोजत होता. तीस झाले, बत्तीस झाले. चौतीस म्हणताच बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

"पस्तीस," उन्मेष म्हणाला.

यंत्र रिकामं झालं होतं. पूर्वेच्या केबिनला फोन लागला, तिथं उरला होता एकच गोळा. बेरीज छत्तीस बरोबर होती. पण पस्तीस म्हणजे सतरा गाड्या. सुंदरराव सोळा म्हणत होते, वही सोळा म्हणत होती.

"म्हणजे वही चुकीचीच," नारायणस्वामी म्हणाले.

 विद्युलताबाईंनी वही ओढून घेतली, १९९९ची ओळ काढली आणि सुंदररावांसमोर धरली.

"इथं काय होतं?"

"नोंद होती अम्मा. पाण्यानं शाई पसरली होती. साल लागलं, पण तारीख नाही, गाडीचा नंबर नाही, वेळ नाही. जे वाचायला आलं नाही तें मी कसं लिहूं? साल लिहून सोडलों. मोजलोंही नाही."

"तुम्हाला समितीची अट ठाऊक होती. हे एक साल भरलं असतंत तर लाइन वाचत होती."

"होय."

"मंगळवारी तुम्ही रेकॉर्डमध्ये गेलात. वही मागून घेऊन ओळ भरता आली असती."

"अम्मा, मला तारीख ठावें नव्हती," सुंदरराव पुन्हा म्हणाले, समजावून सांगितल्यासारखं.

 बाई समितीकडे वळल्या.  "साहेब, एका बैठकीत खोट्या नोंदी लिहिणारा माणूस नेमकं तेच एक साल कोरं ठेवील का, ज्याच्यावाचून सगळं फुकट जाणार आहे? वहीत सोळा आहेत, कारण सोळाच वाचता आल्या. गोळे सतरा सांगतात, कारण सतरा गेल्या. ती सतरावी १९९९ची. सीलबंद यंत्र आणि हा माणूस एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगताहेत."

नारायणस्वामींनी चटईवरच्या गोळ्यांकडे, मग वहीकडे पाहिलं. आयुष्यभर सह्या पुढं ढकललेल्या त्या गृहस्थानं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच कागदावर लिहिलं की पंधराही वर्षं लाइन चालू होती, लोकलचा प्रस्ताव पुढं पाठवावा. उन्मेषनं न मागता आपला अहवाल परत घेतला. रंगाला त्याच फटक्यात गोळे अर्धे-अर्धे करायची सही मिळाली, आणि तो एकटाच माणूस त्या दिवशी रडला असं पुढं कँटीनमध्ये सांगत. ते खरं नव्हतं.

वही कुठं होती, या प्रश्नाला बाईंनी अहवालात एकच वाक्य लिहिलं. 'चुकीच्या फळीवर सापडली.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

बाकीचं हरिप्रियानं स्वतः सांगितलं. समिती ट्रॉलीत बसायला गेली तेव्हा ती मामांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलून मोकळी झाली. 

"कचेरी मला चोर म्हणाली त्याचं काही नाही," ते म्हणाले. "कचेरी मला ओळखत नाही. तूं ओळखतेस."

"मामा, मी तुम्हास वाचवायला—"

"वाचवायच्या आधी विचारायचं, बाळे. एक फोन करायचा." त्यांचे डोळे भरले होते. "मी खरं सांगितलों असतों."

"चुकलों मामा. फार चुकलों." तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच राहिली. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं, पण हात सोडला नाही.

केबिनच्या कुंपणाशी एव्हाना वसाहतीतली बरीच माणसं जमली होती. त्यांच्यातली तुळसी नावाची एक बाई पुढं आली. आवडीच्या क्वार्टर्समध्ये चार घरी स्वयंपाक करून ती रोज मुख्य स्टेशनवरून चालत परत यायची. गणवेश बघून तिनं सुंदररावांनाच विचारलं, "अय्या, आमच्याकडून गाडी जाणार म्हणतात. कधीपासून?"

सुंदररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. विद्युलताबाईंना वाटलं, झालं, आता हे म्हणणार मला ठाऊक नाही.

"तारीख मला माहीत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. मग, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी कुठल्याच वहीत नसलेली गोष्ट सांगून टाकली. "पण गाडी येणार."

सरकारी माणसांची अशी वाक्यं तुळसीनं जन्मभर ऐकली होती. तिनं शेजारी उभ्या हरिप्रियाकडे बघून विचारलं, "खरंच का गं?"

हरिप्रियानं मामांचा हात घट्ट धरला.

"मामा म्हणाले म्हणजे येणार."